मैनेची डावी सीट

"पाच रुपये बादली," टपरीवाली मावशी म्हणाली. "परवडत असंल तर घ्या. हितं माणसाला प्यायला पाणी न्हाई, आन् तुमी गाडी धुताय!"

तात्यांनी दहाची नोट तिच्यापुढे ठेवली, सदरा काढून बाभळीला अडकवला आणि बनियनवरच गाडी धुवायला घेतली. तात्या म्हणजे माझे वडील, महिपती देवकर. काठमांडूहून निघून आम्हाला चार दिवस झाले होते. आमच्या तालुक्याचं विटं मागं पडलं होतं, गाव तीन मैलांवर राहिलं होतं आणि गाडीवर सोनौलीच्या सीमेपासूनची धूळ बसली होती.

"अगोदर तोंड तरी धुवा," आई गाडीतूनच म्हणाली.

"माझ्या तोंडाकडं कोण बघतंय? आबा गाडीकडं बघनार."

आबा म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. चार दिवस तात्यांच्या तोंडी एकच जप होता. आबांनी गाडी बघायची, आबांनी गाडीत बसायचं, आबांना घेऊन देवळाला फेरी मारायची. कानपूरच्या पुढं आईनं हात जोडून सांगितलं, "आता पुरं करा, आबा बसतील हो!"

ही गोष्ट दोन हजार तीनच्या चैत्रातली. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळं कळतं अशी माझी पक्की खात्री होती.

आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कमी आणि माणसं चिवट. घरटी एक जण तरी गलाईच्या धंद्यात असतो. गलाई म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवून त्यातलं चोख सोनं-चांदी वेगळं काढायचं. हा धंदा घेऊन आमची माणसं कोइम्बतूर, कोची, कोलकाता अशी कुठं कुठं पांगली. तात्या सतराव्या वर्षी नेपाळात गेले. ॲसिडनं त्यांची बोटं कायमची पिवळी झाली होती.

चैत्रात नाथबाबाच्या यात्रेला ही सगळी माणसं गावी येतात, आपापल्या गाड्या घेऊन. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात गाड्यांची रांग लागते. पुजारी प्रत्येक गाडीला गुलाल लावतो, नारळ फोडतो, लाऊडस्पीकरवरून मालकाचं नाव आणि शहर पुकारतात आणि मग ती रांग देवळाला फेरी घालते. कुठली गाडी पुढं लावायची आणि कुठली मागं, हे कुणी ठरवत नाही, पण सगळ्यांना बरोब्बर माहीत असतं. गावातल्या लग्नांची निम्मी बोलणी त्या रांगेकडं बघूनच सुरू होतात.

आमची गाडी होती 'मैना' मॉडेलची. चार माणसांची, बुटकी, पांढरी, नेपाळातल्या खाजगी गाड्यांना असते तशी लाल नंबरपाटी लावलेली. काठमांडूत आमच्या गल्लीत चारचाकी तेवढी एकच. इथून तिकडं जाणाऱ्या गाडीवर भन्सार, म्हणजे जकात, इतकी बसते की नाकापेक्षा मोती जड. इथं अडीच लाखांना मिळणारी मैना तात्यांना साडेनऊ लाख नेपाळी रुपयांना पडली, म्हणजे आपले जवळजवळ सहा लाख. सात वर्षं त्यांनी त्यासाठी पैसे साठवले. गाडी दारात आली त्या दिवशी घरमालक श्रेष्ठ साहूंनी स्वतः तिला टिळा लावला, आणि पुढं मुलाच्या लग्नात नवरा-नवरीला न्यायला तीच मागितली. ज्या बँकेत तात्यांना कुणी खुर्ची देत नव्हतं, तिथला मॅनेजर त्यांना 'साहूजी', म्हणजे शेठजी, म्हणायला लागला.

फक्त एक खोड होती. पुढच्या डाव्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तात्यांनी दोन वर्षांत काढलं नव्हतं, आणि तिथं ते कुणाला बसू देत नव्हते. नवरदेव मागं बसला, श्रेष्ठ साहू मागं बसले. आईला गाडी लागायची, तरी ती चार दिवस मागंच माझ्या खांद्यावर डोकं टाकून आली. मी एकदा हट्ट केला तर म्हणाले, "शीट खराब हुती." पुढं गाडी विकताना भाव यावा म्हणून हे सगळं, असं मी समजून चालले होते. चिकटपणा, दुसरं काय!

गावात शिरताना पहिल्याच वळणावर समोरून एक मैना आली. आमच्यासारखीच, पांढरी. मागची सीट काढून आत दुधाचे रिकामे कॅन रचलेले, एक दार दोरीनं बांधलेलं. चालवणाऱ्यानं आमच्याशेजारी थांबून काच खाली केली.

"डेअरीला आलायसा का? मागं ऱ्हायली बगा. पर आज संकलन बंद हाय, यात्रा हाय न्हवं."

"आमी दूधवालं न्हाई," तात्या म्हणाले.

"मग शाळंची पोरं न्हेतासा व्हय?"

तो अगदी सरळ मनानं विचारत होता. तात्यांनी काच वर केली. बाहेर चैत्राचं ऊन होतं आणि आमच्या गाडीत थंड हवेची सोय नव्हती, तरी ती काच त्यांनी पुन्हा उघडली नाही.

आम्ही त्याआधी नऊ वर्षांपूर्वी गावी आलो होतो, रेल्वेनं आणि एसटीनं. तेव्हा विट्यातल्या एका डॉक्टरकडं नवीकोरी मैना होती आणि लोक तिला हात लावून बघायचे. तात्यांच्या मनात मैना तिथंच थांबली होती. मधल्या काळात इथं उंच-उंच गाड्या आल्या, कर्जं सोपी झाली आणि मैना बिचारी दुधाला आणि शाळेच्या पोरांना लागली. हे नेपाळात बसून कुणाला कळणार?

शाळेच्या मैदानात दुसऱ्या दिवसाच्या रांगेसाठी आधीच गाड्या येऊन लागल्या होत्या. तमिळनाडूच्या, केरळच्या, दिल्लीच्या पाट्या. भावकीतला प्रताप, कोइम्बतूरला दोन दुकानं असलेला, आपल्या काळ्या उंच गाडीला टेकून उभा होता. आम्हाला बघून तो हसतच पुढं आला.

"तात्या! आवो, नेपाळात जाऊन मैना पाळली व्हय? आन् लाल पाटी बगून म्या म्हटलं, मंत्रीच आला कोन तरी."

सगळे हसले. तात्याही हसले. तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

घरापुढं त्यांनी हॉर्न वाजवला. आबा आणि काकी बाहेर आले. नऊ वर्षांत आबा पार वाळले होते. भावाभावांनी एकमेकांचे हात धरले. मग तात्या लगबगीनं गाडीला वळसा घालून गेले आणि पुढचं डावं दार उघडून उभे राहिले.

"आबा, बसा. देवळाला एक फेरी मारून येऊ."

आबांनी गाडी पुढून मागं निरखून बघितली. मग तात्यांच्या तोंडाकडं बघितलं. आबांचा चेहरा एकदम पडला.

"दमून आलायसा," ते म्हणाले. "नंतर बगू. आधी हातपाय धुवा."

"एकच फेरी, आबा."

"नंतर, म्हैपती."

तात्या थोडा वेळ दार तसंच धरून उभे राहिले. मग त्यांनी ते हळूच लावलं.

आम्ही सोप्यात टेकलो. खुंटीला घुंगुरमाळ लटकत होती, बैलांच्या गळ्यात घालतात ती, चामड्याच्या पट्ट्यावर पितळी घुंगरं ओवलेली. गोठ्यात मात्र एक म्हैस आणि दोन शेळ्या. लहानपणी मी काकीला विचारलं होतं, बैल नाहीत तर माळ कशाला? तिनं "असू दे गं" म्हणून मला शेंगा खायला दिल्या होत्या.

पाणी पिऊन होतंय न होतंय तोच आबा म्हणाले, "म्हैपती, गाडी गोठ्यामागं घे. ऊन लय हाय."

तात्यांनी गाडी मागं नेली. आबा स्वतः ताडपत्री घेऊन आले आणि त्यांनी मैना चारी बाजूंनी झाकली. खाली कोपऱ्यांवर दगडसुद्धा ठेवले. लाल पाटीचा एक कोपरा दिसत होता, तोही त्यांनी पायानं ताडपत्री सरकवून झाकला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सख्खा भाऊ चार दिवस गाडी हाकत आला आणि याला त्याची लाज वाटते! प्रतापची काळी गाडी चालते, आमची झाकून ठेवायची! त्या दुपारी आबांनी मला दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा मी ऐकू न आल्यासारखं केलं.

तात्या संध्याकाळपर्यंत गोठ्यामागंच बसून होते. मी चहा घेऊन गेले.

"उद्या रांगेत लावायची ना?"

"न्हाई. उद्या निघू आपन."

"पंधरा दिवस राहायचं ठरलं होतं की."

"दुकान कोन बगतंय तिकडं?" ते म्हणाले. मग चहाचा कप हातात फिरवत बसले. "वनिता, लय वंगाळ दिसती का गं गाडी?"

मला रडूच फुटलं. "नाही हो तात्या," एवढं म्हणून मी तिथून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीच्या डोणीजवळ तोंड धूत होते. आबा बादली घेऊन आले, इकडंतिकडं बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुला एक इचारतो. खरं सांगायचं. आन् म्हैपतीला कळू द्यायचं न्हाई."

"विचारा," मी फुगूनच म्हटलं.

"धंदा बसला का गं तिकडं?"

"काय?"

"लपवू नगंस. अठ्ठावीस वर्सं मानूस परमुलखात राबतो आन् मैना घिऊन येतो, म्हंजे हाल चाललं असनार. रेल्वेच्या तिकिटाला बी पैसं नसतील, म्हून तर चार दीस हाकत आनली. परतापसारखी पोरं टिंगल करत्यात. म्हैपतीच्या जिवाला लागंल म्हून झाकून ठिवली म्या ती." त्यांनी बादली डोणीत ओतली. "माळावरची सात एकर हाय, निम्मी त्याची. आजून नावावर बी हाय त्याच्या. त्याला म्हनावं, या परत. म्या म्हटलं तर ऐकायचा न्हाई, लय मानी हाय. तू सांग."

मला आधी हसू आलं. मग कालपासून या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले ते आठवलं आणि जीव लाजेनं अर्धा झाला.

"आबा, ती गाडी सहा लाखांची आहे."

"कंची? परतापची?"

"आमची. मैना."

आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला ऊन लागलं असावं. मी त्यांना सगळं सांगितलं. भन्सार, गल्लीतली एकुलती गाडी, श्रेष्ठ साहूंच्या मुलाचं लग्न, बँकेतला मॅनेजर. तीनदा सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. बादली त्यांच्या हातातच राहिली.

"सा लाख? त्या डबड्याला?"

"हो."

"येडा का काय? सा लाखात हितं हत्तीयेवढी गाडी आली असती! हितं घिऊन हितंच ठिवायची!"

"मी पण तेच म्हटलं होतं. तर म्हणाले, हितं ठिवली तर मी येऊ कशातनं?" बोलायला लागले की मला थांबता येत नाही. "आणि एवढे पैसे घालून पुढच्या सीटचं प्लास्टिकसुद्धा काढत नाहीत, आबा. दोन वर्षं झाली, तिथं कुणाला बसू देत नाहीत. आईला उलट्या होतात तरी तिला मागं बसवतात."

"कंच्या शीटवर?"

"पुढच्या. डाव्या. त्यांच्या शेजारच्या."

आबांनी बादली खाली ठेवली. डोणीच्या काठावर बसले. म्हैस पाणी पिऊन बाजूला झाली तरी ते तसेच बसून होते.

"तुझा बा सतरा वर्सांचा हुता," ते म्हणाले. "तिकडं जायला आन् भट्टी टाकायला पैसं पायजे हुतं. म्या बैलगाडी जुपली, त्याला बशिवला आन् विट्याच्या बाजारात न्हेला. बैलं इकली, गाडी इकली, पैसं त्याच्या कमरंला बांधलं आन् एष्टीत बशिवला. मग माळ खांद्यावर टाकून निगालो चालत. सात मैल. एष्टी आपल्याच रस्त्यानं जायाची, ती मागनं आली. ह्यानं मला चालताना बगितलं. निम्मा खिडकीतनं भाईर आला आन् वरडाय लागला, 'आबा, पुढच्या येळंला माज्या गाडीतनं! माज्या शेजारी बशिवतो! चालू द्यायचो न्हाई!' कंडक्टरनं आत वढला बग त्याला."

ते हसले आणि पंच्याच्या टोकानं डोळे पुसले.

"पोराचं बोलनं. म्या इसरून बी गेलो."

विसरले असते तर माळ खुंटीला कशाला राहिली असती? पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला गप्प बसणं जमलं.

नऊच्या सुमाराला तात्या गोठ्यामागं ताडपत्री काढत होते. आमच्या पिशव्या भरून झाल्या होत्या. मैदानातून ताशाचा आवाज येत होता. आबा आले ते नवा फेटा बांधून, हातात घुंगुरमाळ घेऊन.

"कुटं निगालास?"

"जातो, आबा. दुकान..."

"दुकान कुटं पळत न्हाई. हितं धर जरा." आबा गाडीपुढं उकिडवे बसले. पुढच्या बंपरला त्यांनी माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली, गाठ ओढून बघितली. मग उठून डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. "उगड."

तात्या हलेनात. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आईच्या मागं लपले.

"आरं उगड की! अठ्ठावीस वर्सं चालतोय न्हवं मी?"

तात्यांनी दार उघडलं. आबा आत वाकले आणि सीटवरच्या प्लास्टिकला हात लावला. "ह्ये काडू?"

"काडा," तात्या म्हणाले.

आबांनी ते प्लास्टिक सावकाश काढलं, घडी घातली आणि मला दिलं. मग धोतर सावरून ते सीटवर बसले.

मैदानात आम्ही रांगेच्या अगदी शेवटी लागलो. घुंगरांच्या आवाजानं लोक वळून बघत होते. प्रताप पुढून धावत आला.

"आबा, ह्यात कुटं बसलायसा? माज्या गाडीत पुडं तुमची जागा ठिवलीया की!"

"माजी जागा हितं ठिवलीती," आबा म्हणाले.

प्रतापला ते कळलं नाही. तो खिडकीत वाकून तात्यांना म्हणाला, "खरं सांगा तात्या, नेपाळात ह्ये डबडं केवड्याला पडलं?"

तात्यांनी तोंड उघडलं. त्याआधीच आबा बोलले.

"एका बैलजोडीला."

प्रताप हसणार होता. पण त्याच्या मागं त्याचे वडील उभे होते, आबांच्या वयाचे. त्यांनी बंपरच्या माळेकडं बघितलं, मग तात्यांकडं. पुढं होऊन त्यांनी पुजाऱ्याच्या ताटातला गुलाल घेतला आणि स्वतःच्या हातानं मैनेच्या टपावर लावला. लाऊडस्पीकरवरून आवाज आला, "महिपती देवकर, काठमांडू!" आणि आम्ही निघालो. सगळ्या गाड्या मोठमोठे हॉर्न वाजवत होत्या. आमची घुंगरं त्यातही ऐकू येत होती, निदान मला तरी.

फेरी झाल्यावर तात्यांनी गाडी घराकडं वळवली.

"घरी नगं," आबा म्हणाले. "विट्याला घे."

"विट्याला? आता?"

"घे म्हनतो न्हवं."

सात मैल आम्ही विट्याला गेलो. आबांनी एसटी स्टँडच्या दारात गाडी थांबवायला लावली. उतरले नाहीत, बसल्या जागेवरून स्टँडकडं बघितलं आणि म्हणाले, "चल, फिरव."

परतीच्या वाटेवर दोघं फारसं बोलत नव्हते. आई आणि मी मागं. आबांचा एक हात खिडकीबाहेर होता. ओढ्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला एक जुनी चिंच आहे, ती दिसल्यावर त्यांनी बोट केलं.

"ह्या चिंचंखाली बसलो हुतो त्या दिवशी. चपलंचा आंगठा तुटलाता. तासभर बसलो आसंल."

तात्यांनी ब्रेक लावला. गाडी हळू झाली, घुंगरं बंद झाली.

"थांबू, आबा?"

आबांनी चिंचेकडं एकवार बघितलं आणि पाय लांब केले.

"आता कशाला थांबायचं?" ते म्हणाले. "चल."